हात पिठात असताना

माझी चांगुणामावशी शब्दकोडं सोडवायची तेव्हा तिच्या हातात पेन नसायचं. हात पिठात असायचे. कोपरगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात शेगडी खालीच मांडलेली होती. रविवारी सकाळी मावशी शेगडीपुढे बसून भाकरी थापायची आणि काका दाराशी खाटेवर पेपर उघडून बसायचे. काका म्हणजे तिचे यजमान काकासाहेब निर्मळ, साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. काका कोड्यातली ओळ मोठ्यानं वाचायचे, मावशी तव्यावरची नजर न काढता उत्तर सांगायची आणि काका ते चौकटीत लिहायचे. काकांचं अक्षर मात्र सुरेख होतं. ज्याचं त्याला द्यावं.

मी कॉलेजला असताना मावशीकडेच राहायचे, म्हणून हे कोड्यांचे रविवार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत. ऐकीव काही नाही.

आमच्याकडच्या एका दैनिकात दर रविवारी श्लेषकोडं येतं. साध्या कोड्यात सूर्याला दुसरा शब्द काय, एवढंच विचारतात. इथं ओळीओळीला फसवाफसवी. 'झाडावर, पुस्तकात आणि पंगतीत', दोन अक्षरं. मी डोकं खाजवत बसायचे तोवर मावशी म्हणायची, "पान लिवा." एकदा ओळ होती, 'गळ्यात पडला तर मान वाढतो, पदरात पडली तर मान खाली जाते.' काकांनी माळ, साखळी, पट्टा असं सगळं करून पाहिलं. मावशी म्हणाली, "हार हो. जिकलं तरी हार, हरलं तरी हार." दुसऱ्या एका रविवारी आलं, 'मारणाऱ्याचा हात दुखत नाही, ऐकणाऱ्याचं डोकं दुखतं.' काकांनी झटकन 'गप्पा' लिहायला घेतलं. मावशीनं अडवलं. "उभ्या शब्दातनं 'था' आलाय न्हवं? मंग थापा." आणि तिनं भाकरी उलटली.

मावशी नववीपर्यंत शिकलेली. पण तिच्या वडिलांचं राजूरच्या बाजारात कटलरीचं दुकान होतं, आणि लहानपणी ती सगळा बाजारदिवस तिथं बसून असायची. डोंगरातली माणसं, नगरहून आलेले व्यापारी, कुणीच सरळ बोलत नसे. सरळ बोलला तो बाजारात बुडाला, असं तिचे वडील म्हणायचे. शब्दाला किती बाजू असतात ते तिला तिथंच कळलं. पुढे आयुष्यभर ती मात्र सरळच बोलत राहिली, आणि बुडाली.

सुरुवातीला काका म्हणायचे, "आपण सोडवलं." मग कधीतरी 'आपण'चं 'मी' झालं. शेजारी आले की पेपर दाखवायचे, "आज चहा व्हायच्या आत संपवलं मी." मावशी आतून कप घेऊन यायची आणि हसायची. तिला तेव्हा त्यात गंमत वाटायची. उत्तरं पाठवायची ती काकांच्या नावानं, छापून यायचं ते काकांचं नाव. बक्षिसं मात्र झाडून सगळी स्वयंपाकघरातली. कुकर, डबे, मिक्सर. नाव त्यांचं, कुकर तिचा, अशी वाटणी.

एकदाच तिनं मागितलं होतं. मी समोर होते.

"एकदा माजं नाव टाका की."

"काय करायचंय पेपरात नाव येऊन? लग्नाच्या पत्रिकेत आलं हुतं की."

"पत्रिकेत समद्यांचंच येतं. ह्ये मला येतं म्हनून टाका."

काका हसले. "अगं, तुजं-माजं काय येगळं हाय का?"

हे वाक्य मी नंतर पुष्कळ घरांत ऐकलं. ज्याच्या नावावर सगळं असतं तोच ते म्हणतो. मावशीनं पुढची भाकरी थापायला घेतली. पण त्या दिवसापासून तिचं हसणं बंद झालं, हे काकांच्या लक्षातही आलं नाही.

तसे काका वाईट नव्हते. दारू नाही, मारहाण नाही, पगार आणून हातात द्यायचे. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाला चार शिव्या देता येतात. आयत्या बिळावरचा हा नागोबा दूध पिऊन गोड बोलणारा होता. निवृत्त झाल्यावर त्यांना उद्योगच तो झाला. वाचनालयाच्या कार्यक्रमात शाल, मराठी भाषा दिनाला शाळेत भाषण, पेपरात फोटोखाली 'शब्दकोड्यांचे बादशहा'. एका शाळेत मास्तरांनी भर सभेत नवं कोडं पुढं केलं, सोडवून दाखवा म्हणाले. काका डगमगले नाहीत. "कोडं घाईनं सोडवायचं नसतं, ते लोणच्यासारखं मुरवावं लागतं," म्हणाले, आणि कागद खिशात घालून घरी घेऊन आले. मावशीनं तो भांडी घासता घासता मुरवला. दुसऱ्या दिवशी काकांनी शाळेत नेऊन दिला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं दळणारीला सगळं दिसत होतं, हेच दुःख.

मागच्या वर्षी काका गेले. छातीत कळ आली आणि संपलं. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. गोदावरीच्या घाटावर माईक लावलेला, एकेक पुढारी उठून बोलत होता. एकजण म्हणाला, शब्दांचा साखर कारखाना आज बंद पडला. दुसरा म्हणाला, तालुक्याची मराठी पोरकी झाली. मावशी बायकांत बसली होती. तिनं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "धने, मानूस चांगला हुता गं. पन कोड्यातलं कायबी येत नव्हतं त्यास्नी." मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या एका रविवारी तिनं हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पेन घेऊन कोड्यापुढे बसली. उत्तरं भराभर येत होती, पण अक्षर चौकटीत मावत नव्हतं. एकेक 'क्ष' शेजारच्या घरात सांडायचा. तरी तिनं ते पुरं केलं आणि खाली लिहिलं, चांगुणा काकासाहेब निर्मळ. सून निकितानं मोबाईलवर फोटो काढून पाठवला. मला मावशीनं फोन केला. "धने, आता माजं नाव येईल बघ." एवढीच तिची मागणी होती. शाल नको, भाषण नको. हे मला येतं, असं एकदा छापून यावं.

छापून आलं. मथळा होता, 'कै. काकासाहेब निर्मळ यांच्या पत्नीने जपला पतीचा वारसा'. मजकुरात लिहिलं होतं की काकासाहेबांनी आपल्या अर्धांगिनीलाही या छंदाची गोडी लावली होती. तिचं नाव कुठंच नव्हतं, सगळीकडे 'श्रीमती निर्मळ'. मावशीनं तो पेपर दोनदा वाचला.

"वारसा?" ती म्हणाली. "ह्यो काय सातबारा हाय व्हय, नवरा मेला की बायकूच्या नावावर चढायला?"

मग स्पर्धा निघाली. तिचा मुलगा अमृत आणि त्या पेपरचे संपादक यांनी मिळून जाहीर केली, 'कै. काकासाहेब निर्मळ स्मृती श्लेषकोडे स्पर्धा'. कुणीही यावं, हॉलमध्ये बसावं, सर्वांसमोर कोडं सोडवावं. मावशीचे डोळे चमकले. सर्वांसमोर, म्हणजे मग कुणाला काही म्हणता येणार नाही. तिनं अमृतला सांगितलं, माझं नाव घाल. मी त्या दिवशी तिथंच होते.

"आई, घरच्या माणसांना भाग घेता येत नाही. नियमच आहे तसा. लोक म्हणतील, पोरानं आईलाच बक्षीस दिलं."

"मंग बक्षीस नको. मला निस्तं बसू दे."

"तू बक्षीस द्यायचंस. स्टेजवर बसायचंस. त्यात जास्त मान आहे."

"अमृत, तुला ठावं हाय ना कोडं कोन सोडवायचं? तू ताटावर बसून आयकायचास."

अमृतनं मान खाली घातली. खोटं बोलला असता तर एकवेळ परवडलं असतं. "माहितीये आई," तो म्हणाला. "पण आता पप्पांचं नाव झालंय. ते घालवून तुला काय मिळणार? शेवटी तुझं नि पप्पांचं काय वेगळं आहे का?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "धनश्रीताई, तू मध्ये पडू नको." मावशी उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण आतून ती म्हणाली, "येते मी. देते बक्षीस."

हॉल भरला होता. स्टेजवर काकांचा मोठा फोटो, त्याला हार. खाली माणसं कोड्यात डोकी घालून बसली होती, आणि मावशी वर खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होती. कोड्याचा एक कागद पाहुण्यांसाठी टेबलावर ठेवलेला होता. खालून मला दिसत होतं, तिची नजर त्यावरून फिरतेय आणि ओठ हलताहेत. स्पर्धकांपैकी कुणी अजून मान वर केली नव्हती तेव्हा तिनं कागद उलटा करून ठेवला. तिचं झालं होतं. मला रडू आलं, राग आला, दोन्ही एकदम.

पहिलं बक्षीस राहुरीकडच्या एका मास्तरांना मिळालं. मावशीनं ते दिलं. मग निवेदक म्हणाला, काकूंनी काकासाहेबांच्या आठवणी सांगाव्यात. मावशी माईकपाशी गेली.

"मला भाषन येत न्हाई," ती म्हणाली. "येवढंच सांगते. पेपरातली कोडी ह्ये सोडवत नव्हते. ह्ये वाचायचे आन लिवायचे. उत्तरं माजी असायची. माजे हात पिठात असायचे, म्हनून पेन त्यांच्याकडं. मानूस वाईट हुता असं मी म्हनत न्हाई. पन सोडवायचे मी. माजं नाव चांगुणा."

आवाज शांत होता. एक शब्द अडखळला नाही. मला वाटलं, आता फुटलं एकदाचं. आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदरानं डोळे पुसले. मग दुसरीनं. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

निवेदकानं माईक घेतला. "बघा मंडळी, याला म्हणतात सहजीवन! नवरा कुठं संपतो आणि बायको कुठं सुरू होते, हेच कळेनासं होतं. अजून त्या सावरलेल्या नाहीत. त्यांच्या भावना आपण समजू शकतो."

"भावना न्हाईत," मावशी म्हणाली, पण माईक आता तिच्यापुढे नव्हता. संपादकांनी तिला धरून खुर्चीत बसवलं. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. "पानी नको मला," ती म्हणत होती, तरी तो तिच्या हातात दिला गेला. मी उभी राहून ओरडले, "अहो, ती खरं सांगतेय!" चार-सहा जणांनी वळून पाहिलं, निकितानं माझा दंड धरून खाली बसवलं. अमृत स्टेजवर गेला, त्यानं आईच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटोवाल्यानं फोटो काढला.

तोच फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात. खाली मजकूर, 'पतीच्या आठवणींनी श्रीमती निर्मळ यांना हुंदका आवरला नाही. उपस्थितांचेही डोळे पाणावले.' अमृतनं ते कात्रण लॅमिनेट करून बैठकीत लावलं.

मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मावशी त्या कात्रणासमोर उभी होती. रविवार होता. पेपर घडी न मोडता तसाच पडला होता.

"धने, तू हुतीस की तिथं. मी रडले का गं?"

"नाही मावशी. थेंबसुद्धा नाही."

"तेच म्हनते मी." तिनं ओठ दाबून धरले होते. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं हातानंच मला थांबवलं.

"आत्ता लई रडू येतंय," ती म्हणाली. "पन रडले तर त्यांनी छापलेलं खरं व्हईल."