अमावास्येला चुकलेली वाट

उत्तनच्या पुढे खडकांना वळसा घातला की वाळूची एक छोटी पुळण लागते. पाऊण तासाची चाल, पण वाट ओहोटीतच उघडी असते. डोंबिवलीहून ठाणे, तिथून बस बदलत बदलत आम्ही दोघं वर्षातून चार-पाचदा तिथे जायचो. दिवस बायको ठरवायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभी राहून बोटं मोजायची आणि मी म्हणायचो, झालं का तुमचं पंचांग?

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसं, श्रावणात ती गेली. त्यानंतर मी एकच हट्ट धरून बसलो होतो, एकदा तरी त्या वाळूवर जाऊन बसायचं. घरात बसवत नव्हतं, आणि मुलीच्या सांत्वनाच्या फोनांनी तर डोकंच उठायचं.

अमावास्येला समुद्र खूप आत जातो एवढं मला माहीत होतं, म्हणून शनिवारची अमावास्याच निवडली. मोबाइलमध्ये वेळ बघता आली असती, पण तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं! साडेअकराला पोचलो, तर वाटेचा पत्ता नाही. खडकांवर लाटा आपटत होत्या.

बोंबील वाळत घालणारी कोळीण आम्हाला ओळखायची. तिने मला समजावलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे आत्ता भरतीच असणार. ओहोटी मोठी खरी, पण ती संध्याकाळी. मग तिने विचारलं, "मावशी नाय आल्या?"

"गुडघे दुखतात तिचे," मी म्हणालो.

का खोटं बोललो कोण जाणे. अंधारात खडकांवरून परतणं माझ्याच गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून मुकाट्याने बस धरली. खिडकीशी बसून रडलो. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती, ती काढायला कोणी सांगितलं नाही.

घरी येऊन आधी कॅलेंडरसमोर उभा राहिलो. त्यावर तिची पेन्सिलची वर्तुळं होती. मी आजवर ती उपासाची समजत आलो होतो. सगळी अष्टमी-नवमीला होती. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. मी बोटांवर मोजलं, दोनदा.

पानं उलटली. वर्तुळं श्रावणापाशी थांबली नव्हती, थेट डिसेंबरपर्यंत होती. पुढचं, उद्याचा सोडून त्यापुढच्या रविवारी. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बाराला ओहोटी. अकराला उत्तनहून निघा. टोपी घ्या.’

श्रावणाआधीच्या एकाही वर्तुळाखाली काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा सांगायला ती स्वतः असणार होती.