शेवटच्या रिळातला वकील

आमच्या गावच्या ग्रंथालयात दर शनिवारी दुपारी जुने हॉलिवूडपट दाखवतात. बहुतेक कृष्णधवल असतात आणि बघायला येणारे बहुतेक निवृत्त. सोळा वर्षांची आमची मुलगी तिथे स्वतःहून जायला लागली तेव्हा मला शंका आली. पुण्यात मी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली होती. बायकोच्या नोकरीमुळे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो आणि डेस्क सुटलं. शंका घ्यायची सवय सुटली नाही. एका शनिवारी मुलीला सोडायला गेलो आणि घरी न परतता मागच्या रांगेत बसून राहिलो.

तिच्या शेजारी एक उंच गोरा मुलगा होता. त्याच्या मांडीवर सुपरमार्केटचा हिरवा ॲप्रन घडी करून ठेवलेला. दोघांत पॉपकॉर्नची एकच पिशवी. ग्रंथालयात खायला परवानगी नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

चित्रपट बँकमालकाच्या सतरा वर्षांच्या मुलीचा आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराचा होता. तिचा बाप पोराला स्वयंपाकघराच्या दारातून हाकलून देतो. मुलगी जेवण सोडते. मग शेवटच्या रिळात एक वकील उगवतो आणि सांगतो, की पोराचे आजोबा जहाजांचे मालक होते. बाप हसतो, दार उघडतो आणि बँड वाजू लागतो.

"कसा वाटला?" गाडीत मी विचारलं.

"चीटिंग आहे, बाबा. दर वेळी सेम. पुअर मुलगा एंडला रिच निघतो. मग डॅडला काही डिसाइडच करावं लागत नाही."

"आणि तो ॲप्रनवाला?"

"फ्रेंड आहे." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू मागे बसला होतास. खोकलास, तेव्हा कळलं."

माझ्याकडे एवढीच माहिती होती. दुसरी बाजू इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंकडून आली. त्या घरं विकण्याचा व्यवसाय करतात, त्यामुळे गावातलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं. त्यांचा फोन आला तेव्हा बायको पोळ्या करत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, तुझी लेक परवा दुकानात काउंटरवरच्या त्या पिशव्या भरणाऱ्या पोराशी किती वेळ हसत होती! माझं दूध नासायची वेळ आली. बघ बाई, मी आपलं सांगितलं."

जेवताना निर्णय झाला. शनिवार बंद.

"पण का?" मुलीने विचारलं.

"अभ्यास आहे म्हणून."

"आई, खरं सांग ना."

"पिशव्या भरतो तो मुलगा!"

"तू इथे शिकायला आलीस तेव्हा युनिव्हर्सिटीच्या कॅफेटेरियात भांडी धुतली होतीस. तूच सांगतेस सगळ्यांना."

"ते वेगळं. मी शिकत होते."

"तो पण शिकतोय. माझ्याच क्लासमध्ये."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढून घेतली. मुलगी म्हणाली, शनिवारचा पिक्चर मी सोडणार नाही, आणि त्याच्याबरोबरच बघणार. मग ताट उचलून उठली. आम्ही सोडायला गेलो नाही, म्हणून पुढचे दोन शनिवार ती घरीच होती. दार बंद. हाक मारली की उत्तर इंग्रजीत, एका शब्दाचं.

मग काकूंचा दुसरा फोन आला. या वेळी आवाज खालचा होता.

"अगं, नदीकाठचं ते दगडी घर माहीत आहे ना? मोठं, पांढऱ्या खांबांचं? ते त्या पोराच्या आईबापांचं. मी आत जाऊन आलेय गं एकदा. इथली ही मोठी माणसं मुलांना मुद्दाम कामाला लावतात. वळण म्हणून. आपल्याला कुठे माहीत असतं!"

आपल्याला ते खरंच माहीत नव्हतं. आपल्याकडे बरं चाललेल्या घरातलं पोर दुकानात उभं राहत नाही; राहिलं, तर दुकान त्याच्या बापाचं असतं.

बायकोने काकूंना चहाला बोलावलं आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी ऑफिसातून परतताना तिच्या शिकागोच्या गाडीला उशीर झाला होता, तरी ती चिडलेली नव्हती. कोथिंबीर निवडता निवडता मुलीला म्हणाली, "अगं, जात जा शनिवारी. घरात बसून काय करणार? आणि एकदा जेवायला बोलाव की त्याला. तिखट कमी घालू."

मुलीने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"कुठे काय झालं?" बायको म्हणाली.

"बाबा?"

डेस्कवर आम्ही पक्की बातमी दाबत नसू. मी म्हणालो, "काकूंचा फोन होता. त्याच्या घराबद्दल."

तिला आश्चर्य वाटलं नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स. मी गेलेय तिथे."

"मग त्या दिवशी जेवताना का नाही सांगितलंस?" बायकोच्या हातातली जुडी तशीच राहिली. "एवढा तमाशा झाला नसता."

"मला बघायचं होतं," मुलगी म्हणाली, "आपल्या घरी वकील न येता पिक्चर संपतो का."

बायकोला यातलं काही कळलं नाही. मला कळलं, पण मी समजावून सांगितलं नाही.

"तो खरंच पुअर असता तर?" मुलीने विचारलं. प्रश्न दोघांनाही होता. बायको पुन्हा कोथिंबीर निवडू लागली. उत्तराची पुरेशी वाट पाहून ती म्हणाली, "शनिवारी मी जाणार. जेवायला त्याला आणणार नाही."

शनिवारी मी तिला सोडायला गेलो. "आत येऊ नकोस," एवढंच बोलून ती उतरली. मुलगा ग्रंथालयाच्या दाराशी उभा होता. कामावरून थेट आला असावा, ॲप्रन अजून अंगात होता. त्याने मला हात केला. मीही केला. मग माझी नजर त्याच्या बुटांकडे गेली. ते मळलेले होते. महागाचे होते की साधे, हे गाडीतून ठरवता येईना. मी काच खाली केली आणि थोडा पुढे वाकलो.

मुलीने वळून पाहिलं. मी काय पाहतो आहे ते तिला कळलं. ती त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, बूट दिसू नयेत अशी, आणि मी गाडी सुरू करेपर्यंत तिथून हलली नाही.