मुलीच्या खेळातला तिसरा गडी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मुलीच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात मी खोट्या नावानं शिरलो होतो.

नोएडातल्या आमच्या नव्या टॉवरमध्ये मराठी घरं चार-पाचच, बहुतेक सगळी केंद्र सरकारच्या नोकरीपायी आलेली. घरोघरी इंटरनेट आलं आणि पोरं एकाच खेळाला चिकटली. बर्फाळ बेटावर अडकलेले तीन गडी. लाकडं गोळा करायची, शेकोटी विझू द्यायची नाही, मिळेल ते वाटून खायचं. एकटा गडी तिथे जगतच नाही.

गणपतीच्या तयारीच्या बैठकीत शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ऑफिसात कॉम्प्युटरचंच बघता ना? मग तुम्हीच सांगा, हे मुलांना द्यावं की नाही."

पुढच्या बैठकीत सांगतो, म्हणालो.

मुलगी तेव्हा सातवीत होती. तिला आणि तिच्या मैत्रिणीला नेहमी तिसरा गडी हवा असायचा. दुसऱ्या खोलीतून, ऑफिसच्या लॅपटॉपवर, मी दिल्लीचा कुणी मुलगा बनून त्यांच्यात गेलो. बोलणं टाइप करून, हिंदीत. तिनं मला शेकोटीजवळ जागा दिली, आपल्या वाट्याचा मासा दिला. एरवी घरात ती माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'अच्छा' एवढंच बोलायची. मला संध्याकाळची ओढ लागली.

एकदा तिनं लिहिलं, "गुफा खाली है."

मी लगेच टाइप केलं, "ठीक है, नीचे आ रहा हूँ."

तिकडून नुसता एक हसरा चेहरा आला. मी आपला उतारावर गुहा शोधत फिरलो.

बैठक जवळ आली तेव्हा वाटलं, निकाल द्यायचा तर नीट पारखून द्यावा. अनोळखी माणूस इथे पोरांचं काय करू शकतो? मी साठवलेलं सगळं अन्न उचललं, शेकोटी विझवली आणि निघून गेलो. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "रुको ना, यार!"

बैठकीत मी म्हणालो, "खेळ वाईट आहे. कुणीही येतो, पोरांचा विश्वास मिळवतो आणि दगा देतो."

"बघा, म्हणून जाणत्या माणसाला विचारावं," वहिनी म्हणाल्या. सगळ्या घरांतून खेळ बंद झाला. मुलगी तिथेच पोह्यांच्या बशा देत होती.

लिफ्टमध्ये तिनं विचारलं, "बाबा, हिंदीवाल्याला 'खाली' म्हणजे 'नीचे' वाटेल का कधी?"

"छे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. का गं?"

"असंच."

दार उघडेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुहा रिकामी आहे, येऊ नकोस, असं ती सांगत होती. मी ते मराठीत वाचलं होतं, आणि पलीकडच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला मराठी माणूस कोण, हे तिला तेवढ्यावरून कळलं होतं.

खरं सांगतो, आधी रागच आला. फसवला गेलो तो मीच, असं वाटलं. एवढे दिवस ओळखून होती आणि मुकाट्यानं मला खाऊ घालत होती! मग उमगलं, आपला बाप आपल्याशी खेळायला आलाय, एवढंच तिला वाटलं होतं. त्यानंतर तिनं मला कशातच गडी म्हणून घेतलं नाही.

आता ती पुण्यात नोकरी करते. रविवारी फोनवर तब्येतीचं बोलतो.

मी तिची माफी मागितलेली नाही. ती मागायची आहे, आणि त्या वहिनींनाही सांगायचं आहे की दगा खेळानं नाही, मी दिला.