वायफायवरची भाऊबंदकी

माझे सासरे गोटीराम यांच्यासारखा हट्टी माणूस करावे गावात आणखी एकच आहे, आणि तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ. हसुराम. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो. दोघांची घरं एकाच भिंतीला चिकटून, पण बोलणं पार बंद. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. सामाईक होडीला रंग कुठला द्यायचा, निळा की हिरवा! होडी केव्हाच विकून टाकली, भांडण तेवढं जपून ठेवलं.

आमच्याकडे इंटरनेट आलं तेव्हा सासऱ्यांनी मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. मी सांगितलं, बाहेरून येते ती लाइन. ती घरातल्या सगळ्या फोनांना वाटून देतो तो राउटर. त्याचा हात जिथवर पोचतो ती रेंज. आत शिरायचं तर पासवर्ड लागतो. पण नेटवर्कचं नाव मात्र रेंजमधल्या कुणालाही दिसतं.

"भिंतीपल्याडच्याला पन?"

"त्यांनी फोनवर वायफायची यादी उघडली की दिसणारच."

म्हाताऱ्याचे डोळे लुकलुकले.

संध्याकाळी आमच्या नेटवर्कचं नाव झालं, ‘रंग निळाच होता’. मराठी लिपीत पुरतं मावेना, म्हणून इंग्रजी अक्षरांत टाकलं. दोन दिवसांत यादीत खाली दुसरं नाव उगवलं, ‘हिरवा होता’. मोठ्या बाबांनी केबलवाल्या कुंदनला चहा पाजून ते टाकून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी भाऊ एकमेकांशी बोलले, ते हे असं.

मग काय, ऊतच आला. आमचं ‘आंधळ्याला काय रंग’, तर त्यांचं ‘डोळे तपास’. आम्ही नाव बदललं की घरातले सगळे फोन जुनं नाव शोधत बसायचे. वरचे भाडेकरू जिन्यात येऊन बोंब मारायचे, माझा नवरा धनेश ऑफिसच्या मीटिंगमधून उडायचा, आणि मी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन पासवर्ड टाकत फिरायचे. सासरे मात्र ओट्यावर बसून यादी बघत खूश.

अशात माझी नणंद उन्नती, तिचं लग्न ठरलं. मोठ्या बाबांना मूलबाळ नाही, बायकोही गेली. उन्नती लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून खाडी बघायला जायची. तिनं सरळ सांगून टाकलं, "पयली हलद मोठे बाबा लावतील. नायतर मी पाटावर बसनार नाय."

सासऱ्यांनी बोलावणं घेऊन धनेशला पाठवलं. मोठ्या बाबांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "तुज्या बापाला पाय नाय काय?"

"बाबा, भिंतीला वळसा घालून जा की," मी म्हटलं.

"नाव टाक," सासरे म्हणाले. "दादा हळदीला ये."

"हे काय आमंत्रण झालं?"

"टाक म्हन्तो ना!"

टाकलं. पलीकडे ‘डोळे तपास’ तसंच राहिलं. सासऱ्यांचं जेवणावरचं मन उडालं. दर घासाला फोन बघायचे. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बायजाबाई धवलारीण लग्नाची गाणी गात होती. उन्नती पाटाशेजारी उभीच. सासरे कोपऱ्यात मोबाईल नाकाला लावून बसलेले. एकदम ओरडले, "नमिता! दादाचं नाव गेलं गो!"

मी बघितलं. यादीत खरंच नव्हतं.

"नेटच बंद केला! इतका राग!" असं म्हणताना त्यांचा चेहरा रागानं फुलला आणि लगेच उतरला. "एकटाच असतो गो तो. बरा हाय ना?"

मी काही बोलायच्या आत ते अनवाणी धावत सुटले. मीही मागे पळाले.

मोठे बाबा दारात उभे होते. नवं पांढरं धोतर, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात कुलूप.

"नेट कशाला बंद केला?" सासरे धापा टाकत ओरडले.

"मी चाललू हलदीला. घरान कोन नाय, मंग उगाच कशाला जालायचा?" मोठे बाबा म्हणाले. मग त्यांनी धाकट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् तू काय? असाच आयलास बोलवाला? नारल कुठं हाय?"

सासऱ्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मोबाईल होता. तोच दोन्ही हातांनी पुढे धरून ते थोरल्या भावापुढे वाकले.

मोठ्या बाबांनी मोबाईल घेतला, कपाळाला लावला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"चल," ते म्हणाले, "पोर वाट बघते."