साओ टोमेचे दोन ठिपके

बेंगळुरूजवळच्या होसकोट्याच्या सरकारी शाळेतला जगाचा नकाशा पूर्ण झाला, तेव्हा श्रीहरी पेंटरांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला आणि ते जमिनीवरच बसले. शहात्तराव्या वर्षी स्टुलावर चढणं सोपं असतं. उतरणं जिवावर येतं.

शाळेतली समाजविज्ञानाची शिक्षिका पवित्रा हातात पुस्तक घेऊन एकेक देश तपासत होती. निपाणीकडची मुलगी, बोलायला तिखट.

"काका, आफ्रिकेच्या बगलेत हे दोन ठिपके हिरवे कसे?"

"पोर्तुगालचे आहेत. साओ टोमे आणि प्रिन्सिपे. पोर्तुगाल हिरवा, म्हणून तेही हिरवे."

"ते केव्हाच सुटलेत की!" तिनं मोबाइल काढून बघितला. "बारा जुलै एकोणीसशे पंच्याहत्तर."

"तुझा मोबाइल चुकला असेल, टीचरम्मा."

"मोबाइल चुकला. मग हे पुस्तक पण चुकलं काय?"

श्रीहरींनी चष्मा पुसून पुस्तक डोळ्यांशी धरलं. तारीख तीच होती. त्यांनी पुस्तक परत दिलं.

ही नकाशाची विद्या वडिलांची. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणत. साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूत आलेलं घराणं, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. अण्णांनी जाड कागदावर जगाचा खाका काढला होता. रेषांवर सुईनं भोकं पाडलेली. कागद भिंतीला लावायचा, त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की भिंतीवर देश ठिपक्याठिपक्यांनी उमटत. खाका केला तेव्हा देश थोडे होते. इंग्रजांचं सगळं गुलाबी, फ्रेंचांचं जांभळं, पोर्तुगीजांचं हिरवं. मग एकेक देश सुटू लागला. पेपरात बातमी आली की अण्णा खाक्यावर नवी सीमा टोचत आणि रंग बदलत. एकोणीसशे साठ साली आफ्रिकेतले सतरा देश सुटले. अण्णा वैतागून म्हणाले होते, "सुटा रे बाबांनो, पण स्वल्प दमानं सुटा." शाळाशाळांतून पुन्हा रंगवायला जाताना मात्र ते शीळ घालत जात.

पुढच्या वर्षी गोवा सुटला. तो रंग अण्णांनी श्रीहरींकडून भरून घेतला. श्रीहरी तेव्हा बारा वर्षांचे होते.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये अण्णा अंथरुणाला खिळले. तरी पेपर वाचून घेत. मोझांबिक सुटला, "टोच." केप व्हर्डे सुटला, "टोच." सात जुलैला अण्णा गेले. सुतकात श्रीहरींनी सुईला हात लावला नाही, पेपर उघडला नाही. तेरावं झाल्यावर साचलेले पेपर आईनं रद्दीत दिले. साओ टोमेच्या बातमीचा पेपर त्यातच गेला.

तेव्हापासून जिथं जिथं त्यांनी नकाशा काढला, तिथं हा एक देश पोर्तुगालचाच राहिला. साठ-सत्तर शाळा. प्रत्येक भिंतीवर उजवीकडे खाली नाव, श्रीहरी पेंटर.

होसकोट्यातले ठिपके त्यांनी त्याच दुपारी नारिंगी केले. मग ठरवलं, गुपचूप एकेका शाळेत जायचं, ठिपके बदलायचे आणि यायचं. कुणाला सांगायचं नाही.

सून नयना डबा भरताना म्हणाली, "मामा, मोहरीएवढे ठिपके ते. कोण बघतंय?"

"एका मास्तरणीनं बघितलं ना."

"म्हणून या गुडघ्यांवर सगळं बेंगळुरू फिरणार?"

"सगळं नाही. साठ शाळा."

सर्जापूर रोडची शाळा सापडलीच नाही. तिथं चौदा मजल्यांची इमारत होती. वॉचमननं विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय? श्रीहरी परत फिरले. दुसऱ्या गुरुवारी ते व्हाइटफील्डच्या शाळेत गेले. मेट्रो, मग ऑटो, मग ऊन. भिंत होती, पण तिच्यावर फ्लेक्स ठोकला होता. मुख्याध्यापक गुरुदत्त म्हणाले, "आत तुमचा नकाशा आहे. पण खिळे काढले तर फ्लेक्स फाटेल. राहू दे ना, सर." तिसऱ्या शाळेत ठिपके मिळाले. स्टुलावर उभं राहिल्यावर हात भरून आला, ब्रश घसरला आणि नारिंगी ओघळ समुद्रात उतरला. निळा कालवून तो झाकायला तासभर गेला. एका महिन्यात एक शाळा. या चालीनं बाकीच्यांना पाच वर्षं लागली असती. श्रीहरींना पाच वर्षांची खात्री नव्हती.

ते पुन्हा होसकोट्याला गेले. पवित्रानं चहा मागवला. अण्णांचं जाणं, रद्दीत गेलेले पेपर, महिन्याभरातल्या तीन शाळा, सगळं त्यांनी तिला सांगितलं.

"काका, आमचा शिक्षकांचा ग्रुप आहे. चारशे जण. फोटो टाकते, कुठले ठिपके ते दाखवते. ज्याच्या शाळेत आहेत तो बदलेल. दोन मिनिटांचं काम."

"नको."

"का हो?"

"खाली माझं नाव आहे."

"नाव नाही घालत. नकाशात चूक आहे, एवढंच लिहिते."

"मग लोक म्हणतील, चूक पुस्तक छापणाऱ्याची असेल. आपली भिंत कोण बघेल?"

श्रीहरींनी चहा बशीत ओतला. तो निवला तरी प्यायले नाहीत. आयुष्यात कुणी त्यांना मोठा चित्रकार म्हटलं नव्हतं. 'श्रीहरीचा नकाशा बिनचूक,' एवढंच म्हणत. तेच आता स्वतःच्या तोंडानं खोडायचं. नाही खोडलं, तर एका देशाची माणसं पन्नास वर्षांपूर्वी मोकळी झाली, हे त्या शाळांतल्या पोरांना कळायचंच नाही.

"लिही," ते म्हणाले. "श्रीहरी पेंटरनं काढलेल्या प्रत्येक नकाशात ही चूक आहे. चूक माझी. देश स्वतंत्र आहे."

"वडील गेले होते, तेही लिहू का?"

"नको. पन्नास वर्षं कुणी सुतक पाळतं का?"

तिनं ते कन्नडमध्ये लिहिलं, वाचून दाखवलं, त्यांनी "सरी, ठीक आहे" म्हटलं आणि तिनं पाठवलं. फोन बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला. आधी काहीच झालं नाही. मग कुणीतरी उभ्या अंगठ्याचं चित्र टाकलं. कुणी विचारलं, हे पेंटर अजून आहेत? कुणी हसरा चेहरा टाकला. श्रीहरींनी तो चेहरा बघितला आणि नजर वळवली.

मग एका शिक्षिकेचा मेसेज आला. पवित्रानं मराठीत सांगितला. "त्यांच्या भिंतीला ओल लागलीय. ठिपकेच काय, अर्धी आफ्रिका गळून पडलीय. पेंटर येतील का, विचारतायत."

श्रीहरींनी उजवा हात उघडला, मिटला, परत उघडला.

"लिही, येतो म्हणून," ते म्हणाले. "पण या आठवड्यात नाही. या आठवड्यात हात उठत नाही."