उस्तादांनी वाकवलेली पट्टी

राज्याचे दोन भाग होऊन सरकारी कचेऱ्या दुसऱ्या शहरात हलत होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. बरकतपुऱ्यातल्या आमच्या क्लबात एक जुनं पिनबॉल मशीन होतं. लोखंडी गोळी निशाणांवर आदळायची, पण गुण काही मिळायचे नाहीत. ते भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा मी हट्टाने एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे.

प्रत्येक निशाणामागे दोन पातळ पट्ट्या असतात. गोळी लागली की त्या एकमेकींना टेकतात, घंटा वाजते आणि गुण मिळतात. उस्ताद पट्ट्यांमधून कागद सरकवून काजळी पुसायचे, मग डोळे मिटून पट्टी चिमट्याने अलगद वाकवायचे. मी घाई करू लागले की मला म्हणायचे, "अम्मा, जबरदस्ती नक्को. मनाना पडता इसको."

तिसऱ्या दिवशी सगळी निशाणं वाजू लागली. मी आनंदाने चहा मागवला. तेव्हा ते म्हणाले, "कल विजयवाडा जारा हूँ. बेटी का सरकारी दफ्तर उधर चले गया. अकेली कैसा छोडूँ?"

"मग हे पुन्हा बिघडलं तर?"

त्यांनी नीट केलेली एक पट्टी मुद्दाम वाकडी केली आणि चिमटा माझ्या हातात दिला. "अब तुम करो."

मी पट्टी हळूहळू वाकवू लागले. चारदा चुकलं. पाचव्यांदा घंटा वाजली, तसे उस्ताद खळखळून हसले. गार झालेला चहा एका घोटात संपवून ते निघाले. चिमटा त्यांनी परत मागितला नाही.