कागदाची मळकी बाजू

जुने कागद पाहायला येणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्याला पाहावंसं वाटतं त्यानं जरूर पाहावं. माझा राग आहे तो कागद सजवणाऱ्यांवर, आणि त्यांच्या हाती आपल्या पायानं चालत जाऊन कागद देणाऱ्या एका शहाण्या बाईवर. ती शहाणी बाई मीच.

आमचा जिल्हा नव्या हिंदी राज्यात जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी बालाघाटला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, हिंदीतून. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी, असं आमचं चालायचं. वडील गावी राहत. लामत्यापर्यंत अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं जायचं आणि पुढं कोसभर पायी. गाव सगळं धानाचं, आणि धान सगळं एका तलावाच्या भरवशावर.

आश्विनात धान पोटरीवर येतं. तेव्हाचं शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर नुसता पेंढा हाती लागतो. नेमकं त्याच वेळी तलावात पाणी बेताचं उरलेलं असतं. ते आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, सोडायचं, यावरून आजूबाजूच्या गावांत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आमच्या गावात कधी फुटली नाहीत, कारण आमच्याकडे एक कागद होता आणि तो वाचायचा मान आमच्या घराकडे होता.

कागद नागपूरच्या राजांच्या वेळचा, जाडसर, मोडी अक्षरातला. पुढच्या बाजूला मोठा गोल शिक्का आणि तलाव बांधायची परवानगी. ही बाजू कुणी वाचत नसे. परवानगी मिळाली, तलाव झाला, संपलं. गावाचा जीव होता तो मागच्या बाजूवर. तिथं पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या, एकेका बांधीची एकेक ओळ, आणि ओळीत त्या घराच्या मूळ माणसाचं नाव.

वाचायची रीत अशी होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, घोंगडी अंथरायची, तिच्यावर पाट, पाटावर कागद. वडील ओळीवर बोट ठेवून वाचत. ज्याची ओळ असेल त्यानं पुढं यायचं आणि वडिलांच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवायचं. बोट टेकलं की पाणी सोडणारा पाणकर 'मान्य' म्हणायचा. वाचता येणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, पण आपली ओळ कुठं आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं बोटं टेकून ती सगळी बाजू तेलकट आणि तपकिरी झाली होती.

वडिलांना पाळ्या तोंडपाठ होत्या, तरी पाठ म्हणून ते एक शब्द बोलत नसत. एकदा शेतात भांडण जुंपलं आणि दोघं त्यांना विचारायला घरी आले. ते म्हणाले, "कागदाबिगर मी बोलनार नाही. आज मी खरं सांगीन, उद्या माह्या जागी कोन बसन त्याचा काय भरवसा?" या नियमाचा त्यांना अभिमान होता. पुढं हाच नियम त्यांच्या तोंडावर फेकला गेला.

यादीतली पहिली ओळ गावातल्या सगळ्यात खालच्या बांधीची होती. ऐकणाऱ्याला उलटं वाटेल, पण त्याला कारण होतं आणि तेही कागदावरच होतं. तलावाची पाळ घालताना त्या घराची अर्धी जमीन पाळीखाली गेली, म्हणून शेवटची बांधी असूनही दोन दिवसांचं पहिलं पाणी तिचं. हा न्याय ज्यानं लिहिला त्या माणसाला मी मानते.

त्या बांधीची मालकीण एक विधवा बाई होती. मी तिला काकी म्हणत असे. नवरा गेल्यावर पहिल्याच आश्विनात ती बैठकीला आली नाही. तिला वाटलं, बाईमाणसानं कसं जायचं. वडिलांनी वाचन थांबवलं आणि पाणकराला तिच्या घरी पाठवलं. ती डोक्यावरचा पदर सावरत आली आणि सगळ्यांसमोर सासऱ्याच्या पणज्याच्या नावावर बोट टेकवलं. तिनं ते लवकर उचललं नाही. मी सुट्टीत घरी होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढच्याच वर्षी बालाघाटला जिल्ह्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरायचं ठरलं. समिती झाली, वर्गणी झाली, एका शाळेचा मोठा हॉल रंगवून झाला. हट्टा गावच्या बावडीचा, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचा, मातीचा नमुना करायला कुंभार बसवला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इतिहास म्हटल्यावर जुने कागदही लागतील. शाळाशाळांतून निरोप आले की शिक्षकांनी घरोघरचे कागद आणावेत. आमच्याकडचे बहुतेक कागद मराठी, आणि मराठीला तर जिल्ह्यात दिवसेंदिवस कुणी विचारीनासं झालेलं. मला वाटलं, आता दाखवते यांना. हा माझा तोरा. त्याची किंमत मलाच मोजावी लागली असती तर एक वेळ चाललं असतं.

वडील कागद द्यायला तयार नव्हते.

"तिथं वाचनार कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"वाचणारे नाहीत म्हणूनच न्यायचा, बाबा. लोकांना कळू दे की आपल्याकडं काय आहे."

"त्यायले कळून आपल्याले काय भेटन?"

यावर मी बरंच बोलले. भूगोलाच्या बाईला बोलायची सवय असतेच. शेवटी ते म्हणाले, "ने. पन बैठकीच्या आंदी वापस पायजे." मी कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून, मांडीवर ठेवून, लामत्याहून बालाघाटला नेला आणि समितीच्या सचिवांच्या हातात दिला. मागच्या बाजूला पाण्याच्या पाळ्या आहेत हेही सांगितलं. ते मान डोलावत दुसऱ्याशी बोलत होते.

उद्घाटनाला मोठी गर्दी होती. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी फीत कापली. पहिलं भाषण आपल्या गौरवशाली वारशावर झालं, दुसरंही त्यावरच, आणि तिसऱ्या वक्त्यांनी वेळेअभावी तेच थोडक्यात सांगितलं. मग आम्हाला आत सोडलं. समोरच्या भिंतीवर मधोमध आमचा कागद. जाड लाकडी पाटीवर चिकटवलेला, भोवती लाल पट्टी, शिक्का झळकतोय. खाली सुरेख अक्षरात 'राजमुद्रा से अंकित प्राचीन दस्तावेज', आणि त्याखाली 'कृपया हाथ न लगाएँ'.

मी सचिवांना गाठलं आणि विचारलं, मागची बाजू कुठं आहे?

"पीछे तो एकदम मैला था, मैडम," ते म्हणाले. "दाग ही दाग. आगे वाला साइड कितना सुंदर निकला, देखिए."

मी म्हटलं, मजकूर मागं होता. मी तुम्हाला सांगितलं होतं.

"अब निकालेंगे तो फट जाएगा. बहुत पक्की लेई लगवाई है, नीला थोथा डलवा के. सौ साल कीड़ा नहीं लगेगा." खळीत मोरचूद घातल्याचं हे ते अभिमानानं सांगत होते. मला काय झालंय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. इतक्या काळजीनं, इतक्या प्रेमानं एखाद्या गोष्टीचं वाटोळं केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तिथं आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. शेवटच्या दिवशी दुर्मीळ कागद दिल्याबद्दल माझं नाव पुकारलं, आणि मी मंचावर जाऊन प्रशस्तिपत्र आणि नारळ घेतला. लोक टाळ्या वाजवत होते, मी नमस्कार करत होते. साहेबांसमोर तमाशा कसा करायचा, नोकरी आहे, हे सगळे विचार माझ्या डोक्यात होते. आज मला त्या सचिवांपेक्षा नमस्कार करणाऱ्या त्या बाईचा जास्त संताप येतो.

पाटीसकट कागद घेऊन मी छोट्या गाडीत बसले. डब्यातल्या एका म्हातारीनं तो देवाचा फोटो समजून हात जोडले. घरी वडिलांनी पाटी हातात घेतली, उलटवली, मागचं लाकूड पाहिलं आणि पुन्हा सुलट केली.

"मांगची बाजू?"

"चिकटवली."

"काहून?"

"मळकी होती म्हणे."

त्यांनी पाटी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "हाताचा मळ होता तो. आपल्याच लोकायचा."

त्यांनी एका कोपऱ्यावर ओलं फडकं ठेवून पाहिलं. लेई भिजली तशी शाईही भिजली आणि फडक्यावर काळं उतरलं. त्यांनी फडकं उचललं. मग ते तोंडानं सांगत गेले आणि मी सगळ्या पाळ्या कोऱ्या कागदावर लिहून काढल्या. लिहिताना मला वाटत होतं, चला, निभावलं.

बैठकीच्या दिवशी पाळीवर घोंगडी अंथरली. पाटावर मी लिहिलेला कागद ठेवला, शेजारी ती पाटी. वडिलांनी पहिली ओळ वाचली आणि काकी उठली. तेवढ्यात तलावाला लागून ज्यांच्या बांध्या होत्या ते पाटील बोलले. माणूस आडदांड नव्हता, आवाजही चढवला नाही.

"काका, हे अक्षर तर तुमच्या लेकीचं हाय. जुन्या कागदावर दाखवा, मी सोता जाऊन पयलं पानी खाली सोडतो."

"जुना कागद पाटीले चिकटला," वडील म्हणाले. "पन मले पाठ हाय."

"तुमाले पाठ हाय, हौ. पन पाठ कधी चालली का आपल्या गावात? तुमीच चालू देल्ली नाही."

पाळीवर पंधरा-वीस घरकर्ते बसले होते. त्यातल्या प्रत्येकानं दर वर्षी ती पहिली ओळ कानांनी ऐकलेली. पाटलांच्या आज्यानं, बापानं, खुद्द पाटलांनी ऐकलेली. एकानं जरी 'मी ऐकलंय' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कुणी घोंगडीचे धागे ओढत होतं, कुणी तलावाकडं बघत होतं. खालच्या बांधीचे दोन दिवस सुटले तर ते दोन दिवस वरच्या सगळ्यांच्या वाट्याला थोडेथोडे येणार होते, एवढा हिशेब त्यांना न लिहिता येत होता. मी उठून बोलले, मीच कागद नेला, चूक माझी आहे, तिचं पाणी तोडू नका. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तू शिकलेली. कागदाचं मोल तुले आमच्यापरीस जास्त समजाले पायजे होतं."

काकी उभीच होती. तिनं पाटीवर बोट टेकवून पाहिलं, शिक्क्याच्या बाजूला, जिथं मागून आपली ओळ येत असावी असं तिला वाटलं तिथं. पाणकर वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला. वडिलांनी मान खाली घातली. त्या वर्षी पाणी वरून खाली गेलं, आणि काकीच्या बांधीपर्यंत पोचलं तेव्हा ते जमीन ओली करण्यापुरतं होतं.

बालाघाटला परत आल्यावर मी सचिवांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "लेकिन मैडम, दस्तावेज तो सुरक्षित है ना?" मी चहा न घेता उठले. तेवढंच माझं शौर्य.

दिवाळीनंतर गावी गेले तेव्हा काकी धान कापत होती. मी बांधावर जाऊन उभी राहिले. तिनं एक लोंबी तळहातावर चोळली आणि फुंकली. बहुतेक सगळं उडून गेलं, हातावर चार दाणे राहिले. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, माफीचं असावं. तिनं ते मनावर घेतलं नाही. माझ्यावर रागवायचं तिच्या मनातच नव्हतं, आणि तेच मला सोसवेना.

"पोरी, तिथं लई लोक आलते म्हने," ती म्हणाली.

"हौ, काकी. खूप."

"शिकलेले?"

"हौ."

तिनं विळा खांद्याला टेकवला. "मंग चिकटवाच्या आंदी माह्या सासऱ्याच्या पनज्याचं नाव कोनं वाचलं तरी का?"

त्या हॉलमध्ये मोडी वाचू शकणारा एकही माणूस नव्हता. समितीत नव्हता, मंचावर नव्हता. मलाही येत नव्हती. वडिलांकडून शिकायची मी कधी तसदी घेतली नव्हती.

"हौ," मी म्हणाले. "वाचलं."

"कोनं?" तिनं विचारलं.

मला एकाचंही नाव सांगता आलं नाही.